दारासमोरची खडी

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात (ऑरेगन राज्यातलं, मेन राज्यातलं नव्हे) गल्लीबोळांतून भटकताना मधूनच एक पाटी दिसते: 'रोडवे नॉट इम्प्रूव्ह्ड'. हा रस्ता सुधारलेला नाही. पाटीपाशी डांबर संपतं आणि खडी सुरू होते. खडी तरी बरी म्हणायची, काही ठिकाणी नुसती माती, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी आणि ऑक्टोबर ते मे या तिकडच्या लांबलचक पावसाळ्यात घोटाभर पाण्याची डबकी. आणि हे गावकुसाबाहेर नाही बरं का. दोन गल्ल्या पलीकडे कॉफी शॉप असतं, योगाचे क्लास असतात, घरांच्या किमती काही लाख डॉलरच्या घरात असतात. मध्येच एखाद-दोन ब्लॉकचा तुकडा असा, की जणू १८९० साल अजून संपलंच नाही.

अशा कच्च्या रस्त्यांची शहरातली एकूण लांबी २०१०च्या दशकात ५० ते ६० मैल सांगितली जायची. हे तेच पोर्टलंड, ज्याचं नाव नगररचनेवरच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये येतं. सायकलींचं शहर, १९८६ पासून लाइट रेल चालवणारं शहर वगैरे वगैरे. मग दारासमोरची खडी का नाही गेली?

आपल्याकडच्या माणसाचा पहिला अंदाज ठरलेला असतो: कॉन्ट्रॅक्टरने पैसे खाल्ले. दुसरा अंदाज: पालिकेकडे पैसेच नाहीत. पैसे कमी आहेत हे खरं, पण मुख्य कारण ते नाही. मुख्य कारण एक नियम आहे. आमच्या धंद्यात टेस्टर एखादा बग टाकतो आणि डेव्हलपर तो 'वर्क्स ॲज डिझाइन्ड' असं लिहून बंद करतो ना, तसाच हा मामला आहे. पोर्टलंडच्या नियमावलीत १७.४२ नावाचं एक प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ असा: घराच्या किंवा प्लॉटच्या लगतचा रस्ता पहिल्यांदा बांधण्याची जबाबदारी लगतच्या मालकाची. तो रस्ता शहराच्या मापदंडाप्रमाणे बांधून झाला आणि शहराने तो स्वीकारला, की पुढची देखभाल शहराची. तोपर्यंत खड्डे बुजवायचे तेही मालकानेच. म्हणजे जमीन सार्वजनिक, वहिवाट सार्वजनिक, आणि खडी मात्र तुमची!

पहिल्यांदा वाचल्यावर मला हे अजब वाटलं होतं. पण नियम कुठून आला ते बघितलं की तो तितका वेडगळ वाटत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८४५ साली एसा लव्हजॉय आणि फ्रान्सिस पेटीग्रोव्ह या दोघांनी विलामेट नदीच्या काठी गाव आखलं. गावाचं नाव बोस्टन ठेवायचं की पोर्टलंड, हे त्यांनी नाणं उडवून ठरवलं. (ते नाणं अजून जपून ठेवलंय.) नावापेक्षा जास्त टिकाऊ परिणाम झाला तो त्यांच्या आखणीचा. ब्लॉक ठेवले २०० फूट बाय २०० फुटांचे, म्हणजे अमेरिकेच्या मानाने फारच लहान. असं सांगतात की कोपऱ्यावरच्या प्लॉटला भाव जास्त, म्हणून कोपरे जास्त निघावेत यासाठी ही युक्ती. आता जरा हिशोब करा. २०० फुटांचा ब्लॉक आणि ६० फुटांचा रस्ता धरला, तर एकूण जमिनीपैकी जवळपास ४१ टक्के जमीन रस्त्यात जाते. जुन्या गावठाणाचा धडा पुढच्या वस्त्यांनी जसाच्या तसा गिरवला असं नाही, पण लहान ब्लॉक आणि भरपूर गल्ल्या ही सवय राहिली. अंगणापेक्षा रस्ता जास्त, आणि तो बांधायचा कोणी? गावाच्या तिजोरीत काय होतं? झाडं तोडली होती, पण बुंधे उपटायलासुद्धा कोणाला सवड नव्हती. रस्त्यात मधोमध बुंधे उभे, अंधारात कोणी आपटू नये म्हणून त्यांना पांढरा चुना फासलेला. 'स्टम्पटाउन' हे शहराचं टोपणनाव तिथून आलं.

तरीही हे गाव शेजारच्या गावांच्या पुढे गेलं ते रस्त्यामुळेच, आणि हा इतिहासातला भाग मला सगळ्यात आवडतो. पश्चिमेच्या डोंगरापलीकडे टुआलटिन खोऱ्यात गहू पिकायचा. तो बंदरापर्यंत आणायचा तर मध्ये चिखलाची दरी. १८५१ साली एका खाजगी कंपनीने त्या दरीतून लाकडी फळ्यांचा रस्ता घालायला घेतला. खाली ओंडके, वर आडव्या फळ्या. पावसात लाकूड किती टिकणार? काही वर्षांत फळ्या कुजायला लागल्या. पण तोवर गव्हाला पोर्टलंडची वाट माहीत झाली होती आणि नदीकाठची बाकीची गावं मागे पडली. आज हिल्सबरो-बीव्हरटनच्या बाजूला राहणारी आपली बरीच आयटीवाली मंडळी शहरात जाताना ज्या हायवे २६ वर ट्रॅफिकमध्ये अडकतात, तो साधारण त्याच दरीतून उतरतो. पुढच्या वेळी अडकलात तर गव्हाच्या गाड्यांची आठवण काढा :-)

तर सुरुवातीचा रस्ता हा असा होता. ज्याला त्याचा फायदा, त्याने त्याचा खर्च करायचा. फळ्यांच्या रस्त्यावर कंपनी, दारासमोरच्या रस्त्यावर घरमालक. मालकांना एकरकमी पैसे झेपत नाहीत म्हणून १८९३ साली ऑरेगनच्या विधिमंडळाने बँक्रॉफ्ट बाँडिंग ॲक्ट नावाचा कायदा केला. शहराने कर्जरोखे काढून रस्ता बांधायचा आणि मालकांनी ते पैसे हप्त्याहप्त्याने फेडायचे. थोडक्यात, रस्त्याचा ईएमआय. ज्या काळात गावात रोज नवीन घर उभं राहत होतं त्या काळात ही पद्धत झकास चालली. १९०० साली पोर्टलंडची लोकसंख्या ९०,४२६ होती, १९१० साली २,०७,२१४. दहा वर्षांत दुपटीहून जास्त! ट्रामच्या मार्गांभोवती वस्त्या वाढल्या, प्लॉट भरभर विकले गेले, खर्च वाटून घ्यायला शेजारी होते. शहराच्या आतल्या भागातले रस्ते असे मालकांच्या पैशांतून पक्के होत गेले.

इथे खडीच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. खडीचा रस्ता म्हणजे अर्धवट रस्ता, अशी आपली समजूत असते. १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांचा कारभार हाती घेतलेल्या जॉन लाउडन मॅकॅडमने दाखवून दिलं होतं की एकसारख्या आकाराची फोडलेली खडी नीट थरांत घातली, मधला भाग थोडा उंच ठेवून पाण्याला वाट दिली, तर वरून जाणारी चाकंच रस्ता घट्ट करतात. आपल्या ग्रामपंचायतीच्या निविदेत 'डब्ल्यूबीएम' लिहिलेलं असतं, त्यातला 'एम' म्हणजे हाच मॅकॅडम. गोम अशी, की ही युक्ती बैलगाडी-घोडागाडीसाठी होती. मोटार आली आणि तिच्या वेगवान रबरी टायरांनी खडीच्या फटींमधला बारीक माल उडवून द्यायला सुरुवात केली. उन्हाळ्यात तोच धुरळा, आणि धुरळा गेला की खडी सुटी. सुट्या खडीवर चाकं उड्या मारतात आणि पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा तयार होतात. पावसाळ्यात त्या लाटांत पाणी साचतं, मग खड्डे. डांबर मुळात आलं ते हा बारीक माल जागच्या जागी धरून ठेवायला. ज्या गल्लीत दिवसाला पाच-दहा गाड्या जातात तिथे चांगली राखलेली खडी वाईट नसते. 'राखलेली' हा त्यातला महत्त्वाचा शब्द, कारण ग्रेडर फिरवायला, मध्ये उंची द्यायला, नवीन खडी टाकायला कोणीतरी नियमित यावं लागतं. पोर्टलंडमध्ये ते कोणी येत नव्हतं. नियमाप्रमाणे यायचं होतं घरमालकाने, फावडं घेऊन.

मोटारीबरोबर पैशाचा नवीन झराही आला. 'ऑरेगनला चिखलातून बाहेर काढा' अशी घोषणा त्या काळात गाजत होती. सॅम हिल नावाचा एक धनाढ्य, थोडासा चक्रम गृहस्थ १९०८ साली पॅरिसच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय रस्ते परिषदेला जाऊन आला आणि परतल्यावर त्याने कोलंबिया नदीच्या कडेने देखणा हायवे व्हावा म्हणून सगळ्यांच्या मागे लागून तो करवून घेतला. आणि १९१९ साली ऑरेगनने अमेरिकेत सगळ्यात आधी पेट्रोलवर रस्त्यासाठी कर बसवला, गॅलनला १ सेंट. रस्त्याचे पैसे जमिनीच्या मालकाऐवजी रस्ता वापरणाऱ्याने द्यायचे, ही कल्पना तिथे पहिल्यांदा कायद्यात आली. दहा वर्षांनी तीच कल्पना भारतातही आली, आणि ती आणणारा माणूस आपला होता. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. हो, पुणे विद्यापीठातल्या जयकर लायब्ररीचे जयकर. समितीच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवर गॅलनला २ आणे जादा कर लागला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. लायब्ररीत सबमिशन्स पूर्ण करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे. असो.

पण पेट्रोलचा पैसा गेला हायवेंना आणि मोठ्या रस्त्यांना. गल्लीतल्या रस्त्याचं गणित १८९३चंच राहिलं. आणि जिथे प्लॉट विरळ विकले गेले, जिथे एका ब्लॉकवर दोनच घरं आणि दोन्ही हातावर पोट असलेली, तिथे कोणी अर्जच केला नाही. तिथली खडी तशीच राहिली.

बरेचसे कच्चे रस्ते मात्र पोर्टलंडने स्वतः केलेले नाहीतच, ते हद्दवाढीत आयते मिळाले. पुणेकरांना 'समाविष्ट गावं' एवढं सांगितलं तरी पुरे. शहराच्या पूर्वेला काउंटीच्या हद्दीत दुसऱ्या महायुद्धानंतर भराभर घरं झाली. तिथे ना फुटपाथ, ना गटारं, ना ड्रेनेज. ड्रेनेजशिवाय एवढी वस्ती कशी काय राहिली? उत्तर जमिनीखाली आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीला मोंटानातल्या एका बर्फाने अडवलेल्या सरोवराचा बांध वारंवार फुटला आणि त्या प्रचंड पुरांनी पूर्व पोर्टलंडखाली खडी-वाळूचे जाड थर आणून टाकले. मिझूला पूर म्हणतात त्यांना. या खडीत पाणी लगेच जिरतं. म्हणून घरटी एक शोषखड्डा खणला की काम भागायचं. स्वस्तात घर, कर कमी, सगळे खूश. पण जिरलेलं सांडपाणी जातं कुठे? भूजलात. १९८०च्या दशकात राज्याच्या पर्यावरण आयोगाने हे शोषखड्डे बंद करून ड्रेनेज लाइन टाकायचा हुकूम दिला. ड्रेनेज देऊ शकत होतं शहर, म्हणून हद्दवाढ. कली या भागाचा समावेश १९८५ साली झाला, आजूबाजूचेही त्याच सुमारास. लोकांना आधी ड्रेनेजच्या जोडणीचे पैसे भरावे लागले, आणि मग कळलं की समोरचा रस्ता हवा असेल तर त्याचेही पैसे वेगळे. खाली निसर्गाने घातलेली खडी, वर माणसाने सोडून दिलेली.

आता मुद्द्याचा प्रश्न. हे उरलेले रस्ते पक्के करायचे की नाही, आणि करायचे तर कसे?

'कसे' मध्येच खरी अडचण होती. शहर स्वीकारेल असा रस्ता म्हणजे नुसतं डांबर नव्हे. ठरावीक रुंदी, दोन्ही बाजूंना काँक्रीटची कड, फुटपाथ, झाडांची पट्टी आणि पावसाच्या पाण्याची रीतसर व्यवस्था. यातलं काहीही चूक नाही. डांबर केलं की पाणी जिरायचं थांबतं आणि ते कुठेतरी न्यावंच लागतं. पूर्वेला ते निदान खडीत सोडता येतं. नैऋत्येच्या टेकड्यांवर चिकणमाती, उतार आणि खाली ओढे, तिथे तर रस्त्यापेक्षा पाण्याचाच खर्च जास्त. म्हणजे मापदंड उत्तम होता, इतका उत्तम की कोणाला परवडेना. एका बाजूला आदर्श रस्ता, दुसऱ्या बाजूला चिखल, आणि मधली पायरीच नाही.

त्यातून काही मजेशीर अवशेष तयार झाले. कोणी नवीन घर बांधायला घेतलं की परवानगीच्या अटीत रस्ता यायचा. मग तो बिल्डर आपल्या प्लॉटपुरता ५० फूट फुटपाथ आणि काँक्रीटची कड बांधून मोकळा व्हायचा. अलीकडे खडी, पलीकडे खडी, मध्ये एकटाच चकचकीत फुटपाथ! नाहीतर तो एका कागदावर सही करायचा: भविष्यात इथे सामायिक रस्त्याची योजना आली तर मी विरोध करणार नाही. ही सही जमिनीबरोबर पुढच्या खरेदीदाराकडे जायची. घर घेणाऱ्याला पुढे कधीतरी कळायचं की आपला विरोध करायचा हक्क कोणीतरी आधीच देऊन बसलंय.

आणि विरोध असायचा. बाहेरच्याला वाटतं की चिखलातले लोक डांबरासाठी आसुसलेले असतील. पण अनेकांना ती खडी आवडते. गाड्या हळू जातात, शॉर्टकट मारणारे येत नाहीत, मुलं मधोमध खेळतात, कोणी रस्त्याच्या जागेत भाजी लावलेली असते. रस्ता झाला की घराची किंमत वाढणार, मग कर वाढणार, भाडी वाढणार. निवृत्त माणसाला घर विकायचंच नसेल तर वाढलेल्या किमतीचा उपयोग काय? हे सगळे मुद्दे खरे आहेत आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही.

पण या सगळ्या चर्चेत कोण बोलतंय ते बघा. मालक. योजनेसाठी सही मालकाची, विरोध मालकाचा, खर्च मालकाचा. भाडेकरूला मत नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाला आपल्या दारातून बसस्टॉपपर्यंत जाता येत नाही, तो रस्ता त्याच्या घरासमोरचा नसून चार घरं सोडून पुढचा असतो, आणि त्या चार घरांच्या मालकांना खडी आवडते. बाबागाडी ढकलणारी आई, पत्र टाकणारा पोस्टमन, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, यातलं कोणीही त्या कागदावर नाही. मला वाटतं १८९३च्या गणितातला खरा दोष इथे आहे. रस्ता म्हणजे कंपाउंड किंवा पोर्च असल्यासारखी घराची एक सुधारणा धरली गेली. रस्ता हे नेटवर्क आहे. त्यातल्या एका दुव्याचा निर्णय फक्त त्या दुव्यावर राहणाऱ्यांच्या हाती दिला, तर बाकीच्यांचा मार्ग कुठे तुटेल हे नशिबावर सोडल्यासारखंच झालं.

२०१२ साली शहराने पहिल्यांदा मधली पायरी मान्य केली. 'स्ट्रीट बाय स्ट्रीट' या नावाने अरुंद, हळू वेगाचा, गरज पडल्यास चालणारे आणि गाड्या दोघांनी मिळून वापरायचा रस्ता चालेल असं ठरलं. याच सुमारास कच्च्या रस्त्यांसाठीच्या प्रयत्नांना 'आउट ऑफ द मड' हे नाव मिळालं, शंभर वर्षांपूर्वीचीच घोषणा. मात्र खर्च कमी झाला तरी तो मालकाचाच होता. २०१४ साली महापौर चार्ली हेल्स आणि कमिशनर स्टीव्ह नोविक यांनी सगळ्या शहराकडून रस्ते-शुल्क घ्यायचा घाट घातला. तो एवढा अंगाशी आला की २०१५च्या सुरुवातीला गुंडाळावा लागला. २०१६च्या मे महिन्यात मतदारांनी गॅलनला १० सेंटचा शहरापुरता पेट्रोल कर निसटत्या बहुमताने मंजूर केला, पण त्यातला मोठा हिस्सा आधीच पक्क्या असलेल्या रस्त्यांच्या दुरुस्तीला.

त्याच वर्षी बिल्डरांसाठी नवीन नियम आला. कच्च्या रस्त्यावर घर बांधताना तो एकटा फुटपाथ बांधू नका, त्याऐवजी प्लॉटच्या दर्शनी फुटामागे ६०० डॉलर शहराकडे भरा. शहर ते एकत्र करून जिथे गरज जास्त तिथे सलग रस्ता करेल. पोर्टलंडचा नेहमीचा प्लॉट ५० फूट रुंद, म्हणजे ३०,००० डॉलर. हाच दर धरून मी कॅल्क्युलेटरवर सहज आकडे मारले. रस्त्याच्या दोन्ही बाजू मिळून फुटाला १,२०० डॉलर, मैलात ५,२८० फूट, म्हणजे मैलाला साधारण ६३ लाख डॉलर. ५० मैलांचे ३० कोटींच्या वर. हा अंदाज माझा, शहराचा नव्हे, पण आकड्याची जात कळायला पुरेसा आहे. नवीन घरांच्या शुल्कातून हे व्हायला किती दशकं लागतील ते तुम्हीच काढा.

२०१८ साली शहराने वेगळीच गोष्ट सुरू केली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सगळ्यात शहाणा निर्णय आहे. पक्का करणं जमत नाही ना, मग खडीच नीट राखू. शहराची माणसं आळीपाळीने प्रत्येक कच्च्या रस्त्यावर जाणार, ग्रेडर फिरवणार, नवीन खडी टाकून रोलर मारणार. साधारण तीन वर्षांनी पुन्हा तिथेच. घरमालकाला खर्च शून्य, अर्ज नको, शेजाऱ्यांच्या सह्या नकोत. मॅकॅडमला कळलं असतं असं काम.

१७.४२ मात्र तसंच राहिलं. ग्रेडर निघून गेल्यावरही कागदोपत्री तो रस्ता सुधारलेला नसतो आणि शहराने तो स्वीकारलेलाही नसतो. कोपऱ्यावरची पाटी काढायचं कारणच येत नाही.